यमुना मागे राहिली

सोम. १० नोव्हें.
सहावीला नागरिकशास्त्र. हक्क आणि जबाबदाऱ्या. निम्म्या पोरांचं लक्षच नाही. भातकापणी उरकली, आता आईबापांबरोबर वणीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे वेध. यमुनाने हात वर केला. "बाई, मी नाय जात म्हणलं तर?" म्हटलं, शिकणं तुझा हक्क आहे, घरी ठणकावून सांग. मोठ्या जोशात बोलले.

बुध. १२
पोरीने खरंच ठणकावलं! बाप शाळेत हजर. आवाज चढवला नाही, दारातच उभा. "आम्ही दोघं बागेत. ही नाय आली तं बारक्याला कोण बघंल?" बारक्या म्हणजे तिचा भाऊ, दीड वर्षाचा. मी कायदा ऐकवला. अगं बये, त्याने पोर सांभाळायला माणूस मागितला, तू कायदा काय देतेस! पण तोंड थांबेल तर शपथ. शेवटी म्हणाला, "बरं, ठेवतो."

शुक्र. १४
माणसांनी भरलेला टेम्पो गेला. यमुना पाड्यावरच, आत्याकडे. परिपाठाला हेडसरांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरु. २०
यमुना रोज येते. अक्षर सुधारलंय. डब्यातली अर्धी पोळी दिली, नको म्हणाली. "बारक्या माझ्या हातूनच खातो, बाई." मी विषय बदलला.

सोम. २४
दुपारी आत्या धावत शाळेत. बागेत फवारणीचं औषध कालवून ठेवलेलं, बारक्या ते पाणी प्याला. नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलाय. शुद्ध नाही. आत्या यमुनाकडे बघून एवढंच म्हणाली, "तू असतीस तं..." असं कोणी पोरीला बोलतं का? पण पोरीला मागे ठेवायला लावलं ते मीच.

मंगळ. २५
तरीही यमुना शाळेत आली. मधल्या सुट्टीत जवळ येऊन उभी. "बाई, बारक्याला बघायची जबाबदारी माझी व्हती ना?"
"नाही गं. मुळीच नाही."
"मंग कोनाची?"
वीस वर्षं शिकवतेय. हक्क आणि जबाबदाऱ्या. तिला पोटाशी धरलं. रडली नाही ती, मीच रडले.
दवाखान्यातून निरोप नाही. फोन लागत नाही. उद्या रजा टाकलीय, पहिल्या एसटीने तिला घेऊन निघतेय. बापाने चारचौघांत शिव्या घातल्या तर ऐकून घेईन. पण त्याने हात जोडले तर काय करू?