घाबरट दारवान, बारा आवाज

रविवार, ८ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार, वाकून आणि मान खाली घालून.

आम्ही इकडे बरे आहोत. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. प्लंबर तीनदा आला आणि तीनदा वेगळंच काहीतरी सुटं करून गेला, शेवटी मीच पान्हा घेऊन बसलो. आईचा गुडघा ठीक आहे. तुझ्याशी बोलताना दुखतो, माझ्याशी बोलताना दुखत नाही, एवढंच. तुझ्या चिमणीचा पहिला दात पडला हे आईला वाचून दाखवलं, तर दिवसभर शेजारीपाजारी सांगत होती.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. पाच दिवस खिशात घेऊन फिरतोय. फोन केला असता, पण फोनवर मी विषय बदलतो हे तुला माहीतच आहे.

तुझ्या शाळेतल्या वर्गाचं वाचलं. तू लिहिलंयस, 'मी "थांबा" म्हटलं की मागून कुणीतरी "थ-थ-थांबा" करतं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसतो. बारा वर्षं नीट बोलले रे, आता पुन्हा अडखळायला लागलेय. पोरांना माझं जुनं कुठून कळलं कुणास ठाऊक. पुढच्या शुक्रवारी मोठ्या बाईंना अर्ज देतेय, वर्ग नको, मला ग्रंथालयात बसवा.'

ताई, तो अर्ज देऊ नकोस.

आता माझ्या उद्योगाबद्दल. तू विचारतेस आणि मी 'तुला कळायचं नाही' म्हणून उडवून लावतो. तर, लोक आवडत्या व्हिडिओ गेममध्ये आपल्या पदरचं काही घालतात, नवं गाव, नवा राक्षस. त्याला मॉड म्हणतात. ते करणाऱ्यांसाठी आम्ही काही जण इंटरनेटवर एक भांडार चालवतो. दाराची करकर, पावलांचे आवाज, भिंतींची चित्रं, सगळं फुकट. कुणीही न्यावं, कुणालाही विचारू नये. फक्त टाकणाऱ्याने एका चौकटीत खूण करायची, की हे माझं स्वतःचं आहे आणि यावरचा हक्क मी कायमचा सोडतोय. नवीन पोरांना हा नियम मीच समजावतो, घसा कोरडा होईपर्यंत. दुसऱ्याच्या पायाचा आवाजसुद्धा टाकायचा नाही, म्हणतो. तिथे मला मान आहे, ताई.

बघ, अजूनही मी आजूबाजूनेच फिरतोय.

वाचा-उपचाराच्या बाईंनी तुला सांगितलं होतं, सराव रेकॉर्ड करून ऐक. आवाज घुमू नये म्हणून तू कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलायचीस आणि माईक मी धरायचो. तू बावीसची, मी सोळाचा. रोज सराव संपला की तू विचारायचीस, 'पुसलंस ना?' आणि मी म्हणायचो, 'हो गं, पुसलं.'

पुसलं नव्हतं.

तुझे अडखळलेले तुकडे मी कापून घेतले, आवाज जाडा केला आणि भांडारात टाकले. 'घाबरट दारवान, बारा आवाज.' माझी तिथली पहिली भर. चौकटीत खूण केली. काय मस्त जमलंय, एवढंच तेव्हा वाटलं. लाज पुढे काही वर्षांनी वाटली, पण तोवर गप्प बसायची सवय झाली होती.

यंदा कुणीतरी तो दारवान एका मॉडमध्ये बसवला. किल्ल्याच्या दाराशी उभा असतो, येणाऱ्याला 'थ-थ-थांबा' म्हणतो आणि स्वतःच पळून जातो. पोरं वेडी झालीत त्याच्यापायी. तुझा वर्ग तुला चिडवत नाहीये, ताई. त्यांना तुझं काहीएक माहीत नाही. ती त्या दारवानाची नक्कल करतात. पण त्याच्या तोंडातला आवाज तुझा आहे, आणि तो तिथवर मी पोचवलाय.

भांडारातून मी तो काढला. माझी खूण खोटी होती, हेही सगळ्यांसमोर लिहिलं, तुझं नाव न घालता. पण ज्यांनी नेला त्यांच्याकडे तो राहणारच. एकदा दिलेलं परत मागता येत नाही, हा नियमही मीच लिहिलेला.

बाईंनी सरावाला दिलेलं वाक्य आठवतं? 'थांबा, माझं बोलणं संपलेलं नाही.' एके दिवशी बारा वेळा तू पहिल्याच शब्दाला अडलीस, तेच ते बारा आवाज. तेराव्या वेळी अख्खं वाक्य बोललीस, स्वच्छ, आणि कपाटात एकटीच हसत सुटलीस. दारवानाला त्याचा उपयोग नव्हता म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. परवा ऐकलं आणि रडलो. सोबतच्या पेन ड्राइव्हवर ते आहे. माझ्याकडचं सगळं पुसलंय. या वेळी खरंच. पण माझ्या 'पुसलं'वर तू का विश्वास ठेवावास?

गुरुवारी मी येतोय. मोठ्या बाईंना, आणि तू म्हणशील तर वर्गालाही, हे सगळं मी तोंडाने सांगेन. भेटायचं नसेल तर दार उघडू नकोस, मी परत जाईन. पण माझ्या पापापायी तू वर्ग सोडू नकोस.

माझ्या नावाचं पहिलं अक्षर तुझ्या घशात अडकायचं, म्हणून तू मला दुसरं नाव ठेवलंस आणि सगळ्या घराने तेच उचललं. ते आज मला लिहवत नाही. लिहायचं की नाही ते तू ठरव. जागा सोडली आहे.

तुझा
________