माझ्या नावानं दिलेलं मत

बॅलिनार, गॉलवे
५ मे १८००

प्रिय लूकस,

डब्लिनात तुम्ही दोघं खुशाल असाल. आमच्या होनोराचा खोकला गेला का? इकडे आम्ही आहोत तसेच. करड्या घोडीला शिंगरू झालं, चांगलं उंच निघेल असं दिसतं. बटाट्याची लागण आटोपली. माझा पाय अजून बुटात जात नाही, पण काठी टेकत तबेल्यापर्यंत जाऊन येतो आणि तेवढ्यासाठीसुद्धा पीदरची बोलणी खातो. इतकी वर्षं चाकरी केल्यावर नोकरच मालक होऊन बसतो, दुसरं काय!

तू अर्ल झालास हे वर्तमानपत्रात वाचलं. अभिनंदन. तुझ्या वडिलांना फार आनंद झाला असता.

घोडी आणि बटाटे यांच्यावर आणखी पानभर लिहिता येईल, पण त्यात काही अर्थ नाही.

मार्चमध्ये आमचे पाद्री पेलम चहाला आले होते. पाव-लोणी संपवून म्हणाले, "उशिरा का होईना, लॉर्डसाहेब, तुम्हाला शहाणपण सुचलं! आपलं आयर्लंडचं पार्लमेंट बंद करून लंडनच्या पार्लमेंटात जायचं, यातच आपलं हित आहे."

मी म्हटलं, "अहो, मी विरोधात मत दिलंय. आपली उमरावसभा आपणच मोडायची म्हणजे काय?"

ते मांडीवर थाप मारून हसले. "घरात अजून तेच म्हणताय होय! वा!"

मला वाटलं, स्वारी येतानाच थोडी घेऊन आली असावी. मी विषय सोडून दिला.

मग ईस्टरनंतर गाडीत बसून घोड्यांच्या बाजारात गेलो, तिथं अँथनी बोडकिन भेटला. माझा शेजारी, लहानपणापासूनचा. मी हात पुढे केला, तर त्यानं आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"काय भावानं गेलास, यूलिक?"

"मी? अरे, मी तर घोडी विकायला आलोय."

"घोडीचं नाही विचारलं मी."

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. परत येताना मी पीदरला खोदून खोदून विचारलं. तो आधी घोड्यांवरच ओरडत राहिला. शेवटी म्हणाला, "अख्ख्या गावाला माहीत आहे, मालक. तुम्हाला सांगायची कुणाची छाती होत नव्हती. फेब्रुवारीत लूकससाहेबांनी सभेत तुमच्या वतीनं 'हो' म्हटलं."

मी त्याला खोटारडा म्हणालो, लूकस. त्याला, तुझ्यासाठी! मग घरी येऊन तुझी बाजू सावरायला कारणं शोधत बसलो. कारकून चुकला असेल. गडबडीत ऐकू आलं नसेल. म्हणून तुला साधं विचारलं, आणि तुझं उत्तर आलं. निदान नाकारायचं तरी होतंस.

जानेवारीत तू बर्फातून इथवर आलास. मी तापानं फणफणत होतो. माझ्या उशाशी बसून तू स्वतः कालवं उघडून मला भरवलीस. आजारी सभासदाचं मत दुसऱ्या सभासदानं द्यायचं, ही आपल्या सभेची जुनी रीत. तेव्हा मुखत्यारपत्र तुझ्याच नावानं करायचं हे ओघानंच आलं. मी म्हटलं, "विरोधात. काही झालं तरी विरोधात." तू म्हणालास, "अरे, मी काय परका आहे? तू बोलशील तेच मी बोलेन." माझा हात थरथरत होता, तो तू धरलास म्हणून सही सरळ आली.

आता तू लिहितोस की वारंच तसं होतं, आपल्या दोन 'नाहीं'नी काही अडलं नसतं. लंडनच्या सभेत आपल्या लोकांना ज्या अठ्ठावीस जागा मिळणार, त्यातली एक तू माझ्यासाठी शब्द टाकून राखून ठेवलीस, तीही तहहयात. "रागावू नकोस, तुझ्या भल्यासाठीच केलं." वा, अर्लसाहेब, केवढे उपकार! तू स्वतःचं मत विकलं असतंस तर चार शिव्या घालून मी गप्प बसलो असतो. ते तुझं होतं. माझं कशाला बाजारात नेलंस?

मला मूलबाळ नाही. हे लॉर्डपद माझ्याबरोबरच संपणार. मागे राहणार ते सभेच्या दप्तरातलं माझं नाव, आणि ते तू मोडणाऱ्यांच्या बाजूला लिहवलंस.

आणि होनोरा. लिहायचं टाळत होतो ते हेच. फेब्रुवारीपासून तिची पत्रं येताहेत: टोप्या, नाच, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं. त्या मताबद्दल एक अक्षर नाही. लहानपणी मुरंबा चोरला तरी झोपण्याआधी मला येऊन सांगायची ती. म्हणजे तिला ठाऊक होतं. अर्लची बायको, काउंटेस व्हायला माझ्या बहिणीनं माझं नाव जाऊ दिलं. तुझ्या करणीपेक्षा हे जास्त झोंबलं. रडलो मी, लूकस. पीदर दिवा घेऊन आला होता, तो तसाच मागे फिरला.

या कायद्यावरचं अखेरचं मतदान अजून व्हायचंय, आणि मी येतोय. डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास केलात तर पाय जाईल, कदाचित तुम्हीसुद्धा. पीदरनं गाडीत गादी घातली आहे. उद्या निघतो. सभासद स्वतः सभेत येऊन बसला की त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या तिथे रद्द होतं, हा नियम तुला मी सांगायला नको. आम्ही हरणार, तेही मला ठाऊक आहे. तुमची माणसं कितीतरी जास्त आहेत. फेब्रुवारीत लिहिलं गेलं ते आता पुसता यायचं नाही, पण या खेपेला माझं नाव माझ्या बाजूला लागेल.

मी तुमच्याकडे उतरणार नाही. गाडी पाठवू नकोस.

मतं खालच्या बाकांपासून घेतात; आधी आम्ही बॅरन, मग तुम्ही अर्ल. तेव्हा तुझी पाळी येण्याआधी माझं 'नाही' तुला बसून ऐकावं लागेल. होनोराला यायचं असेल तर तिलाही घेऊन ये. तिनंही ऐकावं.

यापुढे ज्याच्या वतीनं तू एक शब्दही बोलायचा नाहीस, तो

यूलिक