आबांचा पुदिना

मार्च १९८७

प्रिय वहिनी,

तेराव्याला आलेली माणसं आज सकाळच्या एसटीने मुंबईला परतली. दादाही गेला. घरात मी आणि आबाच उरलो. तीन दिवसांच्या तापात गेलात तुम्ही, धड बोलणंही झालं नाही. म्हणून लिहायला बसलो.

चार वर्षांपूर्वीचा तो वैशाख! पोटाचं ऑपरेशन करून आबा रत्नागिरीहून घरी आले होते. भात दिसला की तोंड फिरवायचे. तुमचं पुदिन्याचं ताक तेवढं पोटात ठरायचं. परसातल्या तळीकाठी, ओल्या मातीत, तुम्हीच लावला होता तो पुदिना.

तुम्ही दोन दिवस बुरोंडीला माहेरी गेलात. पाणी आटलंय तर तळी साफ करू, म्हणून मी शेवाळ, गवत, सगळं ओरबाडून कातळावर फेकलं. हाताला वास आला तेव्हा उमगलं. काठावर एक काडी उरली नव्हती!

तुम्ही आलात ते पदर खोचून तापल्या कातळावर तो ढीग चिवडायलाच बसलात.

"वहिनी, मेलंय ते सगळं."

"भावोजी, पेर हिरवं आहे का बघा. तेवढं पुरतं."

सात काड्या मिळाल्या. तुम्ही त्या चिखलात आडव्या दाबल्यात, वर माडाचं झाप धरलंत.

तेवढ्यात पडवीतून आबांची हाक आली, "पुदिना कुठाय गो?"

"मीच उपटला, आबा. दाट झाला होता," तुम्ही म्हणालात.

माझ्याकडे बघितलंही नाहीत! का केलंत असं? दोन शब्द सुनावायचे होतेत ना मला.

आठवडाभर आबा चार चमचे पेजेवर होते. आणि आठव्या दिवशी पेरापेराशी मोहरीएवढं हिरवं टोक! मी चिखलात गुडघे टेकून बघतच राहिलो. ना मूळ, ना पान, उन्हात भाजलेली काडी. कुठून आणला असेल तिने एवढा जीव? आणि तो आहे हे तुम्हाला कसं कळलं? महिन्याभरात काठ भरला. आबांनी ताकाचा पेला रिकामा केला आणि तुम्ही पदराने डोळे टिपलेत.

काल पंगतीत आबा सांगत होते, "सून लाखात एक. एकदाच चुकली, माझा पुदिना उपटलान." मी वाढत होतो. तसाच पुढच्या पानाकडे वळलो.

आबा आत्ता पडवीत बसलेत. हे पत्र मिटून मी त्यांच्याजवळ जातोय. चूक कोणाची होती ते सांगितल्याशिवाय उठणार नाही, वहिनी.

तुमचा धाकटा दीर,
श्रीधर