पंधरा दिवसांचा विमा

आई,

तू जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदा लिहितोय, तेही गाडीच्या विम्यावरून. तू गेलीस तेव्हा दोन वर्षांची असलेली तुझी नात आता अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिनं शिकाऊ लायसन्स काढलं आणि दीड-दोन महिन्यांत पक्कं लायसन्स पोस्टानं घरी आलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही असेल. पण त्यानंतर जो आठवडा गेला त्यात माझा नुसता जळफळाट झाला. कधी एजंटवर, कधी कंपनीवर, कधी पोरीवर. शेवटी तो सगळा राग फिरून जिथं येऊन बसायचा तिथं येऊन बसला, म्हणून हे लिहितोय.

झालं असं. आष्ट्याच्या माझ्या सासूबाईंना गळ्याचा आजार निघाला. सांगलीत पंचवीस दिवस रेडिएशन घ्यायचं ठरलं. तिकडं सगळे त्याला शेक म्हणतात. माझा मेव्हणा फौजेत आहे, तो रजा काढून आला आणि पहिले दहा शेक त्यानं मित्राच्या गाडीतून रोज आष्टा-सांगली नेऊन आणून पार पाडले. रजा संपली, तो गेला. माझी बायको आईजवळ जाऊन राहिली, पण तिला गाडी येत नाही. मला येते, पण माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब आणि डॉक्टरांची सक्त ताकीद की तीन आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी साताऱ्यात दारात उभी. तेव्हा पोरगी म्हणाली, ‘बाबा, मी जाते ना गाडी घेऊन. राहिलेले पंधरा दिवस मी नेते आजीला.’

मी म्हणालो, आधी तुझा विमा काढू, मग बघू. गाडीचा विमा माझ्या नावावर आहे, तू चालवलीस आणि काही झालं तर कंपनी हात वर करेल. तिनं विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. इतक्या ठामपणे म्हणालो की तिनं पुन्हा विचारलं नाही. माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, मामा, इकडं नव्या पोरांना दिवसावर विमा मिळतो, एक दिवस, आठवडा, पाहिजे तेवढा, मोबाइलवर पाच मिनिटांत. झालं. माझ्या डोक्यात पंधरा दिवसांचा विमा बसला आणि मी तो शोधायला निघालो.

आमचा एजंट म्हणजे लोणंदचा एक रिटायर हवालदार. त्याचा फोन लागेना. गावाकडं गेला होता, तिथं रेंज नाही, असं त्याची सून म्हणाली. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कंपनीच्या ऑफिसात गेलो. टोकन घेऊन पाऊण तास बसलो, डोळ्यातून पाणी गळतंय, रुमाल भिजलेला. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, रिन्यूअल आहे का? नाही. क्लेम आहे? नाही. मग काय आहे? मी सांगितलं, मुलीच्या नावानं पंधरा दिवसांचा विमा हवाय. ती म्हणाली, तिच्या नावावर गाडी आहे का? नाही म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि पुढचं टोकन पुकारलं. तिसऱ्या दिवशी हेल्पलाइन. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की हिंदी बोलणारा माणूस. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सर, अपघात कुठं झालाय? अजून झालेला नाही, म्हटलं, होऊ नये म्हणून फोन केलाय. तो म्हणाला, अपघात झाल्यावर याच नंबरवर करा. फोन ठेवला आणि मी उगाच पोरीवर खेकसलो की तुला काय घाई होती लायसन्स काढायची. ती आत जाऊन पलंगावर बसली आणि आपल्या आईला मेसेज करत राहिली.

इकडं ही कागदांची पळापळ चालू होती तोवर तिकडं सासूबाई एसटीनं जात होत्या. आष्ट्याहून सांगलीला गाड्या खूप, पण सकाळच्या वेळी कॉलेजची पोरं, नोकरीची माणसं, पाय ठेवायला जागा नसते. शेक घेऊन परत येताना त्यांना मळमळायचं. बायको पिशवी धरून उभी. एके दिवशी कंडक्टरनं गाडी मध्येच थांबवून त्यांना खाली उतरवलं, उलटी झाली, पुन्हा चढताना पायरीवरून पाय निसटला आणि गुडघा सोलवटला. त्या संध्याकाळी त्यांनीच फोन केला. आवाज बसलेला, नीट ऐकूही येत नव्हता.

‘जावाईबापू, पोरीला यिऊ द्या की. मला आता एसटी न्हाई सोसवत.’

मी म्हणालो, विम्याचं काम झालं की पाठवतो, दोन दिवस कळ काढा. त्या म्हणाल्या, ‘बरं.’ आई, त्या बाई कधी कुणाकडं काही मागत नाहीत. मागितलं तर मी त्यांना कळ काढायला सांगितली.

शुक्रवारी सकाळी हवालदार स्वतःच दारात. सुनेनं निरोप दिला होता. मी भडाभडा सगळं सांगितलं. ऑफिस, हेल्पलाइन, इंग्लंडचा भाचा. तो चहा पीत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला,

‘साहेब, इमा गाडीचा आस्तोय, डायवरचा न्हाई. पोरीचं लायसन खरं हाय न्हवं?’

‘आहे.’

‘मग कुनीबी चालवंना. तुमाला ह्ये सांगितलं कुनी?’

मी पॉलिसी आणायला आत गेलो. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून ती ओळ मला दाखवली. ज्याच्याकडं चालू लायसन्स आहे असा कुणीही. मला एका डोळ्यानं वाचायला त्रास होत होता तरी ते वाचता आलं. तो पुढं बरंच काही सांगत होता. अपघात झाला तर चालकाच्या जिवाचा जो विमा असतो तो फक्त मालकाला लागू, पोरीला नाही, तो हवा असेल तर तिच्या नावानं वर्षाचा वेगळा काढावा लागेल, पंधरा दिवसांचा असा काही इकडं मिळत नाही. मी म्हणालो, वर्षाचा काढ. फॉर्मवर कुठं सही करायची ते तो दाखवत होता आणि माझ्या डोक्यात त्याचा तो प्रश्नच घुमत होता. मला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. मीच सांगितलं होतं. वीस वर्षांपूर्वी, तुला.

तुला आठवत असेल का कोण जाणे. मला आठवतंय. तू रिटायर होऊन साताऱ्याला आमच्याकडं राहायला आलीस आणि महिनाभरात कुणाला न विचारता मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलंस. पहाटे उठून, चहा करून ठेवून, नऊवारी सोडून मुद्दाम आणलेली पाचवारी नेसून तू जायचीस. पहिल्या फटक्यात पास झालीस. शिकवणारा मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, बाईंचा क्लचवर पाय लय हलका आहे. मी नुकतीच जुनी मारुती घेतली होती. एका शनिवारी तू भाकरी थापत होतीस, मी ओट्याला टेकून उभा. माझ्याकडं न बघता म्हणालीस, ‘उद्या गाडी देशील का रं? दहिवडीच्या पल्याड जाऊन येती. त्या रस्त्यानं बावीस वर्सं चालली, येकदा गाडीनं जायचंय.’

बावीस वर्षं तू माण तालुक्यातल्या त्या वाड्यावस्त्यांवर नर्स म्हणून हिंडलीस. आरोग्य खात्याची जीप येणार म्हणून फाट्यावर उभी राहायचीस आणि ती यायची नाही, मग लसीचा डबा खांद्याला लावून चालत निघायचीस. माझी सुट्टी असली की मी तुझ्याबरोबर. सहावीत असताना मी एकदा तुझ्या रजिस्टरमध्ये मेंढपाळांच्या चार पोरांपुढं डोस दिल्याची खूण करून टाकली होती, कारण ती माणसं मेंढरं घेऊन पुढं निघून गेली होती आणि ऊन मी म्हणत होतं. तू ते बघितलंस. मारलं नाहीस. खूण खोडलीस, म्हणालीस, ‘दिल्याला दिलं म्हनायचं, न्हाई दिल्याला न्हाई,’ आणि मला घेऊन तशीच तीन कोस चाललीस. पोरं सापडली, डोस दिले, मग माझ्याच हातानं खूण करायला लावलीस. मी रडत होतो, तहान लागली होती, आणि तू त्या मेंढक्यांकडून मागून मला तांब्याभर पाणी दिलंस.

अशा बाईला मी ओट्याला टेकून सांगितलं की विमा माझ्या नावावर आहे, तू चालवलीस तर कंपनी काही देणार नाही. मला तेव्हा खरं-खोटं काहीच ठाऊक नव्हतं. पॉलिसी मी उघडूनही बघितली नव्हती. नुकत्याच घेतलेल्या गाडीवर ओरखडा येईल ही भीती होती, आणि कॉलनीतले लोक काय म्हणतील ही त्याहून मोठी. ते तुला सांगायची लाज वाटली म्हणून विमा हा शब्द तोंडाला आला. तू भाकरी उलटलीस. ‘आसं आस्तंय व्हय? मग नगं.’ एवढंच. कागदावर लिहिलंय म्हटल्यावर तू वाद घालणार नव्हतीस, तुझ्या कागदावर कधी खोटं नसायचं ना. पुढं शेजारच्या काकूंनी तुला विचारलं, लायसन्स काढून गाडी का चालवत नाही, तर मला ऐकू आलं, तू सांगत होतीस, पोराचं बरोबर हाय, इमा त्याच्या नावावर हाय. माझी बाजू घेऊन सांगत होतीस. ते वाक्य मी मग इतक्या वेळा इतक्या जणांना ऐकवलं, बायकोलाही तेच सांगून शिकू दिलं नाही, की मलाच ते खरं वाटायला लागलं. त्याच्यापायी परवा एक आजारी बाई एसटीच्या पायरीवरून घसरली.

रविवारी आम्ही निघालो. पोरगी चालवत होती, मी शेजारी काळा चष्मा लावून. कराड येईपर्यंत माझा उजवा पाय ब्रेक दाबत होता, जिथं ब्रेक नव्हता तिथं. पेठ नाक्याला वळताना गाडी एकदा बंद पडली, मागून ट्रकनं हॉर्न लावला, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, ‘बाबा, प्लीज, गप्प बसा.’ गाडी चालू केली, इस्लामपूर गेलं, आष्टा आलं. सासूबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टी. मी त्यांची माफी मागायला गेलो तर त्यांनी मला आधी जेवायला बसवलं.

मी एसटीनं परत आलो. पोरीनं पुढचे दहाही शेक निभावले. रोज फोनवर सांगायची, आज आजी झोपली गाडीत, आज तिनं पाण्याची बाटली स्वतः धरली. शेवटच्या शेकाला मी गेलो, मागच्या सीटवर बायकोजवळ बसलो. पुढं त्या दोघी. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, तोवर काही म्हणता येणार नाही असं ते म्हणाले. परत येताना दोन्ही बाजूंनी ऊस, सासूबाईंना त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. बसक्या आवाजात त्या नातीला म्हणाल्या, ‘तुजी साताऱ्याची आजीबी गाडी शिकली हुती म्हनं.’

पोरीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. ‘खरंच, बाबा? मग चालवायची का नाही?’

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी हवालदाराचं आणि ओट्याचं सगळं सांगायचं ठरवूनच आलो होतो. शब्दही जुळवले होते. पण तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘तिला भीती वाटायची.’

पोरगी म्हणाली, ‘अगं बाई, मला पण वाटते,’ आणि गिअर बदलला.

आई, हे पत्र मी नातीच्या हाती द्यावं असा विचार दोनदा केला. ती उद्या साताऱ्याला येतेय. तोवर मी ते बँकेच्या पासबुकाखाली ठेवून देईन, आणि मला वाटतं ते तिथंच राहील.