पाचवी राखी

आई, तुझ्याशी मी एकदा फार वाईट वागले, आणि ते नीट कळायला मला सत्तावन्नावं वर्ष उजाडावं लागलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लय लवकर उजाडलं म्हणायचं!" परवा लेक पुण्याहून आली होती. तिचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, सांगलीच्या या घरात मी एकटीच असते. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "मम्मी, तुला कुणी आवडलं तर सांग हं मला. लाजत बसू नकोस." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज. मी तिच्या अंगावर खेकसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. ती मला जे देऊ बघत होती, तेच मी तुझ्याकडून हिसकावून घेतलं होतं.

मिरजेत आपण चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. फौजेतले वडील आजारानं गेले तेव्हा तू चौतीसची आणि मी बारा वर्षांची. साताऱ्याकडचं सासर सोडून तू दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागलीस, आणि तिथं एक्स-रे काढणारे ते गृहस्थ भेटले. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातले, बायको वारलेली, बोलायला अगदी कमी. सगळी चाळ त्यांना अण्णा म्हणायची, तूही म्हणायचीस. दिवस मावळल्यावर ते जेवत नसत, म्हणून दवाखान्यातली पाळी संपली की तू जवळजवळ धावत घरी येऊन स्टो पेटवायचीस. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मटणाचं पातेलं तर तू पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंस. आधी ते जेवायचे आणि तू वाढायचीस. मग कधीतरी तूही त्यांच्याबरोबर उजेडातच जेवायला लागलीस. मी कॉलेजातून येईपर्यंत माझं एकटीचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

एकदा मी लवकर आले. दारात चपला काढतेय तोवर आतून तुझा आवाज आला, "आवं, सोडा की ते. दिवस कलला, बसा आता." नुसतं आवं. पुढं अण्णा नाही, काही नाही. आपल्याकडं बाई कुठल्याही मोठ्या माणसाला आवं म्हणते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हे आवं तू वडिलांना म्हणायचीस तसं होतं, शेवटाला जरा ओढलेलं. मी डोकावले. अण्णा परातीत भाकरी थापायची खटपट करत होते आणि तू हसत हसत त्यांच्या मनगटाला लागलेलं पीठ पदरानं पुसत होतीस. एवढंच. पण मला किळस आली. आईला अंग असतं, त्या अंगाला काही हवंसं वाटतं, हे अठरा वर्षांच्या मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मला सुचलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी राखीपौर्णिमा होती. मी बाजारातून चांगली मोठी, गोंड्याची राखी आणली. शेजारच्या बायका आपल्या दारात बोलत बसल्या होत्या. अण्णा आले तशी मी ती तुझ्या हातात कोंबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, अण्णा म्हणतीस न्हवं? मग बांध की राखी."

"व्हय, बांध की गं," एक बाई म्हणाली, "झ्याक भाऊ गावला तुला."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. शेवटी अण्णांनीच हात पुढं केला आणि म्हणाले, "बांधा. काय हुतंय त्याला." तुझी गाठ दोनदा सुटली. ते न जेवता गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत. बायका उठल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, "मला भाऊ काय कमी हायती व्हय गं? चार हायती. तुझा बाप गेल्यापास्नं एक तरी उंबऱ्याला आला का?" दुसऱ्या दिवशी भाजीत कांदा होता.

लोक नावं ठेवतील, माझं लग्न जमायचं नाही, म्हणून मी तसं केलं असं स्वतःला खूप वर्षं सांगितलं. खरं म्हणजे ते झाकलेलं ताट मला सहन होत नव्हतं. पुढं लग्न होऊन फलटणला गेले, सांगलीला आम्ही नंतर आलो. पहिलं वर्ष आम्ही दोघांनी एकमेकांच्या अंगाला घाबरण्यात घालवलं. मग जमलं, छानच जमलं. तरीही तुझा विचार माझ्या मनात आला नाही. तो आला माझे हे गेल्यावर. त्यांची आठवण मला देवापुढं हात जोडताना येत नाही, अंथरुणात पाय लांब केला आणि तो कशालाच लागला नाही की येते. अजून हवंसं वाटतं, आई, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की चाळिशीतल्या तुलाही हेच वाटत असणार, आणि मी चारचौघींसमोर तुझ्याच हातानं ते बांधून टाकलं.

हे लेकीला वाचायला द्यावं असं मनात आलं होतं. पण पुढचं वाचून ती माझ्याकडं कशी बघेल याची भीती वाटते, तेव्हा हे वहीतच राहील. शेवटच्या दुखण्यात तू मिरजेच्या त्याच दवाखान्यात होतीस. चौथ्या दिवशी म्हणालीस, "अण्णास्नी कळवशील का? यायचं आसलं तर येतील." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू त्यांचं नाव काढलंस. मी त्यांच्या पुतण्याच्या दुकानाचा नंबर मिळवला, चिठ्ठीवर लिहून घेतला. पण तुझे चारही भाऊ तिथं जमले होते. त्यांच्यापुढं हे कोण म्हणून सांगायचं? मी खाली जाऊन चहा प्यायले आणि वर आले. फोन केलाच नाही.

तू विचारलंस, "निघालं का गं ते?"

मी म्हटलं, "व्हय, निघाल्यात. वाटंत हायती."

मग तू मला तुझे केस विंचरायला सांगितलंस, आणि मी विंचरून दिले.