आवाज न करणारा लॅपटॉप

ती. वन्संना,

वाकून नमस्कार (गुडघ्याने जेवढं वाकू दिलं तेवढा). तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता की खुंटीला टांगून ठेवता, ते खरं खरं कळवा. इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत, फक्त डोकी जाग्यावर नाहीत. कारण लॅपटॉप.

माझी सगळी नोकरी बसस्थानकावर माइकसमोर गेली हे तुम्ही जाणताच. रिटायर झाल्यापासून माझं बोलणं ऐकायला घरात एकच माणूस, आणि तो शिवायला बसला की त्याला काही ऐकू येत नाही. त्यामुळे अंधांच्या ग्रंथालयाने पुस्तकं वाचून रेकॉर्ड कराल का असं विचारलं, तेव्हा मी पुढचं वाक्य न ऐकताच हो म्हटलं. पहिलं प्रकरण नमुना म्हणून पाठवायचं, पसंत पडलं तर पुढचं काम. त्याला लॅपटॉप लागतो, हे ते न ऐकलेलं वाक्य होतं. तुमचे बंधू म्हणाले, त्यात काय, जाऊ आणि घेऊन येऊ.

दुकानात गेलो तर दुकानदाराने आम्हालाच विचारायला सुरुवात केली. रॅम किती, स्टोरेज किती, कोअर किती, ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं का. वन्सं, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते हे मी जन्मभर न विचारता सांगत आले, आणि इथे एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे गळ्यातली टेप काढून (ती गळ्यात आहे हे दुकानात शिरल्यावर आम्हा दोघांनाही कळलं) लॅपटॉपचं माप घेत होते. म्हणाले, पंधरा इंची म्हणता आणि हा तर तेराच्या आसपास भरतोय. दुकानदार म्हणाला, "काका, स्क्रीन तिरकी मोजतात." झालं. तिरकं मोजून मी पाठ शिवली तर गिऱ्हाईक मला दारात उभं करील का, यावर ह्यांनी त्याला बराच वेळ धरून ठेवलं.

रॅमचं मात्र ह्यांना चटकन समजलं. दुकानदाराने सांगितलं, स्टोरेज म्हणजे तुमचं कपाट, रॅम म्हणजे कापड पसरायचं टेबल आणि प्रोसेसर म्हणजे कारागीर. (कोअर आठ आहेत म्हणाला. आठ कारागीर एका टेबलावर कसे मावतात हे मी विचारलं, त्यावर तो पाणी प्यायला गेला.) परत आल्यावर म्हणाला, आज आठ जीबीत भागेल, पण सोळा घ्या, पुढे लागतं. हे एकदम खुलले. "म्हणजे आत माया सोडायची. सरळ सांगा ना." शिवणीत जादा कापड सोडतात तीच माया. त्यानंतर ह्यांना प्रत्येक गोष्टीत माया हवी झाली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अस्तर असं स्वतःच ठरवून तेही घ्यायला निघाले, तेव्हा मी हात धरला.

मला एकच कळत होतं, लॅपटॉपने आवाज करता कामा नये. आवाज कसा आहे विचारलं, तर दुकानदाराने जोरात गाणं लावलं. मी म्हटलं, गाण्याचा नव्हे, गप्प असतानाचा. मग मी एकेकाच्या कीबोर्डला कान लावत निघाले. प्रत्येकाच्या पोटात पंखा, काही तर दमेकरी. माझं बघून शेजारच्या एका बाईंनीही कान लावला आणि कलिंगड निवडावं तशी टिचकी मारली. शेवटी एक बिनपंख्याचा सापडला, अगदी मुका. पण त्यात आठच जीबी, आणि दुकानदार म्हणाला की या मॉडेलमध्ये नंतर वाढवता येत नाही. ह्यांचा चेहरा पडला. माया नसलेला कपडा ह्यांनी आजवर गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला नाही. टेप गुंडाळत म्हणाले, "वाचायचंय तिला. तिला हवा तो द्या." बाहेर आल्यावर पिशवी मात्र घरापर्यंत मला धरू दिली नाही.

आता खरा घोळ ऐका. पहिलं प्रकरण वाचलं, कानाला हेडफोन लावून ऐकलं, तर माझ्या आवाजामागे बारीक घरघर. परत दुकान गाठलं. दुकानदाराने कान लावला, ह्यांनी लावला, लॅपटॉप गप्प. घरी येऊन वाचलं की पुन्हा घरघर. हे दुकानदाराशी भांडायच्या तयारीत. मी मात्र काल दुपारी ओळखलं. ती घरघर पलीकडच्या खोलीतल्या ह्यांच्या मशीनची आहे. इतकी वर्षं कानावर असल्याने मला ती ऐकूच येत नव्हती. आता हे ह्यांना सांगावं कसं, आणि मुका लॅपटॉप मी घेतला कशाला, दोन्ही कळेनासं झालंय. मुदत संपत होती म्हणून प्रकरण तसंच पाठवून दिलं.

बाकी सर्व ठीक. कंबरेला जपा.

तुमची वहिनी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण असं, की तुमच्याकडचे पडदे उसवलेत असं बंधूंना कळवून त्यांना महिनाभर बोलावून घ्या. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. पडदे उसवले नसतील तर उसवा, पण कात्री लावू नका, दोरा हाताने ओढा. त्यांना लगेच कळतं.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच ग्रंथालयातून फोन आला. वाचन पसंत पडलंय. नमुना ऐकणाऱ्या बाईंनी विचारलंय की मागे शिवणारं माणूस कोण आहे. घरात बसून कुणी वाचून दाखवतंय असं वाटलं म्हणे, आणि चौथ्या पानावर मशीन थांबली तेव्हा त्यांना काळजी वाटली. (हे चहा घ्यायला उठले होते.) तेव्हा ह्यांना बोलावू नका. पडदे उसवून झाले असतील तर पार्सलने पाठवा, पुढच्या प्रकरणाला शिवायला काहीतरी लागेलच.