पुराव्याची बकरी

३ एप्रिल २०१७, सोमवार

आणि वर मलाच विचारते, कुंपण कुठे आहे. हिच्या बकरीने माझी चवळी खाल्ली, मिरचीचे शेंडे खाल्ले, वांग्याला नुसतं तोंड लावून थुंकून दिलं, आणि नवशी मला विचारते कुंपण कुठे आहे. धाकटी जाऊ आहे माझी. घर लागून आहे म्हणून तोंड बघावं लागतं. मला रीत शिकवते. भात कापून झालं की पाड्यातली गुरं-बकऱ्या मोकळी, उन्हाळ्यात ज्याला काही लावायचं त्याने काट्या आणून कुंपण करायचं. मला माहीत नाही का. काट्या आणायला डोंगरात जावं लागतं. मी काय रिकामी आहे.

माझ्या ओट्यावर कोण बसतं ते ती विसरली. माझी रोशनी, सायवनचा मुकेश आणि धाकटी डहाणू गावची सुषमा. तिघं वकील झालेत, आता वकिलाच्या वरची परीक्षा देतायत, एलएलएम. आठ मेला टॉर्ट आणि क्राइमचा पेपर. सुषमाच्या घरी दिवसभर मासळीची गडबड, मुकेशच्या घरी लाइटचा भरवसा नाही, म्हणून माझा ओटा. पास झाले तर यातला अर्धा वाटा माझा.

ही डायरी रोशनीने दिली. म्हणाली, आये, बोलावंसं वाटेल ते यात लिहीत जा. माझं बोलणं वाया जाऊ नये असं तिला वाटतं.

ठरवलं: परीक्षा होईपर्यंत पोरांना काही विचारायचं नाही. चहा ठेवायचा आणि गप्प बसायचं.

तीच तारीख, संध्याकाळ

फक्त एकच विचारलं. नवशीला किती वर्षं शिक्षा होईल.

५ एप्रिल, बुधवार

वाल सोलत ऐकत बसले. टॉर्ट म्हणजे एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून द्यायचं. क्राइम म्हणजे सगळ्यांचाच गुन्हा, मग सरकार पकडून नेतं. एवढंच आहे. यासाठी एवढी जाड पुस्तकं कशाला. मी चौथीत शाळा सोडली तरी एका दुपारात कळलं.

मुकेशला म्हटलं, तुझी तयारी मी घेते. प्रश्न विचारला: एका बाईची बकरी दुसऱ्या बाईच्या चवळीत शिरली, पहिली बाई उद्धट आहे, तर काय करावं. मुकेश म्हणाला, मावशी, उद्धट असणं यात येत नाही. म्हणजे त्याचा अजून अभ्यास झालेला नाही. पुन्हा पहिल्यापासून समजावलं. जेवणाची वेळ झाली तरी उठू दिलं नाही.

सुषमाचं अक्षर चांगलं. तिच्याकडून फळीवर लिहून घेतलं: "या जागेत बकरी आणू नये. कायदा लागू आहे." तिने रंगाचे हात धुतले आणि रोशनीकडे बघितलं. थकली असेल. फळी वाफ्यात रोवली. काट्या आणायचे कष्ट वाचले.

६ एप्रिल

फळी बघायला पाड्यातली माणसं येऊन गेली. चैत्याबाबांनी दोनदा वाचून घेतलं. पाड्यात तंटा झाला की तेच मधे बसतात, म्हणून मुद्दाम थांबवलं त्यांना. हसले. म्हाताऱ्या माणसाला नवीन गोष्टीचं कौतुक असतं.

८ एप्रिल, शनिवार

बकरी आली. फळीला पाठ घासली. मग चवळी खाल्ली.

आता सोडणार नाही. कान धरून आणली आणि ओट्याच्या खांबाला बांधली. पोरं बघतच राहिली. मी म्हटलं, ही बकरी नाही, हा पुरावा आहे. वकिलांना पुरावा लागतो, पुस्तकात कुठून मिळणार. घरबसल्या आणून दिला.

नवरा म्हणाला, शुक्रे, सोड तिला, गाभण आहे ती. मी म्हटलं, गाभण आहे म्हणून काय कायदा बदलतो. हा माणूस आयुष्यभर चिकूच्या वाडीत झाडं मोजत आला, त्याला यातलं काय कळणार.

९ एप्रिल, रविवार

पुरावा ओरडतो. सकाळपासून ओरडतो. सुषमा कानात बोटं घालून वाचत होती. तिला सांगितलं, कोर्टात याहून जास्त गलका असतो, सवय कर.

नवशी काल रात्रीपर्यंत बकरी शोधत पाडाभर फिरली. आज ओरडणं ऐकून आमच्या दारात आली, बघितली. मी अटी सांगितल्या. पाड्यासमोर माफी मागायची आणि चवळी परत पेरून द्यायची, मग बकरी मिळेल. ती पोरांकडे बघून हळूच म्हणाली, अभ्यास चाललाय का रे, मग नंतर येते. आणि गेली. कायद्याला घाबरली.

११ एप्रिल

पुराव्याला खायला कुठून आणायचं हा प्रश्न पुस्तकात नाही. रोशनीला शेवग्याच्या फांद्या तोडायला पाठवली. संध्याकाळपर्यंत आली नाही, कुठेतरी झाडाखाली वाचत बसली असणार. शेवटी मीच वाफ्यातली उरलेली चवळी उपटून घातली. नाहीतरी ती खराबच झाली होती. मिरचीपण घातली. नुकसान आता पूर्ण झालं, केस आणखी भक्कम.

१२ एप्रिल, बुधवार

आज तिघं सकाळपासून कुजबुजत होती. माझ्या केसवर काम सुरू झालं म्हणून मी मधे गेले नाही, फक्त चार-पाच वेळा चहा विचारला.

दुपारी रोशनीने मला समोर बसवलं. म्हणाली, "आये, काकीच्या बकरीने चवळी खाल्ली ते फार तर टॉर्ट, आणि कुंपण नसताना तेसुद्धा टिकणार नाही. तू बकरी अडकवून ठेवलीस आणि वर अटी घातल्यास, ती चोरी. कलम तीनशे एकोणऐंशी. यातला क्राइम तुझा आहे."

मुकेश म्हणाला, शेतात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात न्यायचं असतं, आपल्या खांबाला बांधायचं नसतं. मी म्हटलं, कोंडवाड्याचं छप्पर उडालं तेव्हा तू शाळेत होतास, बकरी काय उन्हात ठेवू.

सुषमाने आमची हकिगत वहीत लिहून घेतली. म्हणाली, मावशी, एवढं चांगलं उदाहरण आम्हाला सरांनीपण दिलं नाही. टॉर्ट आणि क्राइम दोन्ही एकाच घरात. मला वाटलंच होतं. केस मोठी आहे.

गुन्ह्याचं ते नंतर बघू. परीक्षेच्या टेन्शनमध्ये रोशनी काहीही बोलते.

१५ एप्रिल, शनिवार

पुरावा व्याला. दोन करडं. खांबापाशी मुकेशच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता, त्याच्यावरच. अर्ध्या कागदांवर काय छापलंय ते आता वाचता येत नाही. मुकेशने उरलेले कागद दोरीवर वाळत घातले. शांत मुलगा आहे.

करडं माझ्या ओट्यावर जन्मली म्हणजे माझी. हे मी ठामपणे सांगितलं. तिघांनी एकदम नाही म्हटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं. म्हणजे माझ्यामुळे अभ्यास पक्का होतोय.

१७ एप्रिल, सोमवार

चैत्याबाबांनी बोलावलं. आंब्याखाली पाड्यातली माणसं बसली. मी भाषण तयार केलं होतं. टॉर्ट, नुकसान, उद्धटपणा, सगळं क्रमाने. चैत्याबाबांनी एकच विचारलं, कुंपण होतं का. मी म्हटलं, फळी होती. मग बराच वेळ हसणं चाललं. नवराही खाली मान घालून हसत होता, खांदे हलत होते त्याचे.

निकाल असा लागला नाही. फक्त बकरी आणि करडं नवशीला द्यायची, आणि पुढच्या वर्षी आधी काट्या आणायच्या, एवढंच ठरलं. मी बकरी जामिनावर सोडली. नवशीला तसं सांगितलं. ती हो म्हणाली आणि करडं पदरात घेऊन गेली.

आता पोरांना निवांत अभ्यास करू देणार. फक्त अपील कुठे करायचं ते विचारून घेते.

१९ एप्रिल

अपिलाचं विचारलं. पुन्हा विचारलं. जेवताना विचारलं.

२० एप्रिल, गुरुवार

आज कोणी आलं नाही. रोशनी पुस्तकं घेऊन बाहेर पडली. म्हणाली, आम्ही दुसरीकडे बसतो. डहाणू रोडला वाचनालय आहे, तिथे गेले असतील. चांगलंच झालं, माझ्या मागेही कामं आहेत. सवयीने चहा जास्त ठेवला गेला. नवरा दोन कप प्यायला.

घर फार शांत आहे. अशा शांततेत अभ्यास काय छान झाला असता.

२२ एप्रिल, शनिवार

जामिनावरची बकरी अटी पाळते का ते बघायला नवशीच्या परसातून गेले. तिच्या ओट्यावर तिघं बसलेली.

करडं त्यांच्या अंगावरून उड्या मारत होती. बकरी ओरडत होती, माझ्याकडे ओरडायची तशीच. सुषमा कानात बोटं न घालता वाचत होती. मुकेशच्या मांडीवर एक करडू झोपलं होतं आणि तो त्याच्या पाठीवर पुस्तक ठेवून लिहीत होता. नवशी दुसऱ्या टोकाला मोहाची फुलं निवडत होती. एक अक्षर बोलत नव्हती. बाई आपल्या घरी आलेल्या वकिलांना साधं काही विचारत नाही. टॉर्ट म्हणजे काय हेसुद्धा तिला माहीत नसणार.

मला कोणी बघितलं नाही. मी खोकले. तरी नाही.

२४ एप्रिल, सोमवार

सुक्या बोंबलाचं कालवण केलं, सुषमाला आवडतं. रोशनीच्या हातून निरोप पाठवला. रोशनी भांडं तिकडेच घेऊन गेली. रिकामं भांडं घासून परत आलं. नवशीने घासलं असणार, बुडाचा काळेपणासुद्धा गेला होता. माझ्या भांड्याला हात लावायची तिला परवानगी कोणी दिली, हे कशात बसतं बघायला पाहिजे. बघणार कोण.

२६ एप्रिल, बुधवार

काल रोशनीला सरळ विचारलं. तिथे काय आहे जे इथे नाही. तिने पुस्तकाचं पान दुमडलं. मग म्हणाली, "आये, परीक्षेत नापास झाले तर मला पुन्हा बसायला पुढचं वर्ष लागेल. काकी आम्हाला काही विचारत नाही गं."

म्हणजे नवशीने त्यांना फितवलं.

रोशनीला म्हटलं, दुसऱ्याच्या ओट्यावरची आपली पोरं आपल्या ओट्यावर परत आणायची असतील तर कुठलं कलम. म्हणाली, त्याला कलम नाही. एवढ्या जाड पुस्तकात एकही नाही. मग काय शिकतात ही पोरं वर्षभर.

म्हणून आज नोटीस पाठवली. लिहिली मीच, रोशनीने फक्त नेऊन द्यायची. सुषमा आणि मुकेशला कळावं: बकरीचा विषय मी बंद केला आहे. अपील नाही. चहा वेळेवर मिळेल. मी वाल सोलायला मागच्या दारी बसेन. तुम्ही तिघं सोमवारपासून माझ्या ओट्यावर येणार की नाही, हे मला शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. हो की नाही, एवढंच. कारण यायचं असेल तर ओटा सारवून घ्यावा लागेल, आणि शेण नवशीच्याच गोठ्यातून मागावं लागतं. तुमचं नक्की असल्याशिवाय मी तिच्या दारात जाणार नाही. शनिवार. संध्याकाळपर्यंत.